नाव घे, वनमाले

गोदूचं कोणी खरं मानलं नाही. पोलिसांनी नाही, समता कॉलनीनं नाही, आणि ज्यांच्या बाळंतपणात ती रात्र-रात्र उशाशी बसली त्या महिला मंडळातल्या बायांनीही नाही. सांगून सांगून बाईची जीभ झिजली. शेवटी शेवटी तर ती बोलायला तोंड उघडायची अन् समोरची बाई आधीच मान हलवायची, लहान पोराची समजूत काढावी तशी. "हव हव गोदूताई, असंल. चहा घ्या."

सांगणं एकच होतं. वनमाला पाय घसरून मेली नाही.

वनमाला म्हणजे गोदूच्या खालच्या मजल्यावरची. गोदूचा नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर पेन्शनवर ही वरच्या दोन खोल्यांत राहिली, आणि दिवसातून दहा वेळा जिना उतरून वनमालेकडे गेली. वनमाला सदा गालात भाजक्या सुपारीचं खांड धरून बोलायची. त्यामुळे तिचा आवाज थोडा भरल्या तोंडाचा, थोडा ओला यायचा. स्वभावानं लाजरी. हळदीकुंकवाला बाया उखाण्यासाठी मागं लागल्या, की छान यमक जुळवून दोन ओळी म्हणायची, आणि नवऱ्याचं नाव आलं की पदर तोंडावर धरून थांबायची. "घे व, नाव घे!" म्हणून सगळ्या ओरडायच्या. ही मात्र मान खाली घालून हसत राहायची. उभ्या संसारात तिनं ते नाव कधी पुरं घेतलं नाही. 'श्यामकांतराव' हे शेवटी दुसरीच कोणी तरी म्हणून टाकायची.

आणि ती पाण्याला भ्यायची. नुसती भ्यायची नाही, टाकीत बादली बुडवतानाही हात लांब धरून उभी राहायची. कार्तिकात बाया बांधावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यावर, दिवे सोडायला जात, तेव्हा ही वरच्या पायरीवर बसून राही. "माझापण सोड व गोदू," असं म्हणून आपला दिवा गोदूच्या हातात देई.

अशी बाई मागच्या कार्तिकात नवऱ्यासोबत बांधावर गेली आणि सगळ्यात खालच्या पायरीवरून पाण्यात पडली. नवरा म्हणाला, मी गाडीतून माचीस आणायला गेलो होतो, वळून पाहिलं तर ही नाही. श्यामकांत सिलतऱ्याच्या एका कारखान्यात साहेब. बोलणं मऊ, कोणाच्याही दवाखान्याला गाडी घेऊन हजर. तो ढसाढसा रडला. मग काय, झालं.

दोष द्यायला मात्र माणसाला कोणी तरी लागतं. आधी पायरीवरच्या शेवाळाला दिला. मग बांधावरच्या नावाड्याला, केवटाला दिला, पायऱ्या घासत नाही म्हणून. लोकांनी त्याला दोन लगावल्यासुद्धा. मग वनमालेच्या बीपीला. आणि शेवटी फिरत फिरत तो गोदूच्या दारात आला. "गोदूनंच तिले दिवे सोडायचा नाद लावला. नाही तर कायले जाती ते पाण्यावर?"

गोदू चौथी शिकलेली. तिला पंचनामा वाचता येत नव्हता; पण वरच्या पायरीवर बसणारी बाई खालच्या पायरीवर आपल्या पायानं जात नाही, एवढं समजायला चौथी पुष्कळ झाली.

वर्ष सरलं. आणि श्यामकांतचं दुसरं लग्न ठरलं.

पोरगी होती मंजिरी. मंडळाच्या अध्यक्षबाई शर्मिष्ठा, त्यांच्या बहिणीची लेक. आई-बापामागं मावशीनंच वाढवलेली, तिशी ओलांडलेली, शाळेत शिकवणारी, साधी. लहानपणी शाळा सुटली की गोदूच्या जिन्यात बसून पोळीचा लाडू खायची. साक्षगंधाची, साखरपुड्याची, तारीख निघाली, तेव्हा गोदू शर्मिष्ठेकडे गेली आणि दारातच म्हणाली,

"त्या माणसाले पोट्टी देऊ नका ताई. एक बुडवली त्यानं."

शर्मिष्ठेनं दार लोटलं. आपटलं नाही, लोटलं. "गोदूबाई, तुमचं वय झालं. शुभकार्यात असं बोलत नाहीत. अन् मंजिरीले काही बोलाल तर याद राखा."

गोदूनं मंजिरीलाही सांगितलं. मंजिरीनं तिचा हात हातात घेतला. "गोदूमावशी, ते वनमालाकाकूंचं नाव काढलं तरी रडतात हो. तुम्हाले दुःख झालं, म्हणून असं वाटून राहिलं." आता अशा पोरीला काय सांगायचं? डोळ्यांवर झापड असलं की माणूस दिव्याकडे पाहूनही अंधार आहे म्हणतो.

गोदू थकली. गुडघे थकले, गळा थकला. भांडायलाही अंगात रग लागते.

*

मंडळाचं आवळीभोजन दर वर्षी असतं. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवायचं, रीतच आहे. यंदा शर्मिष्ठेनं मुद्दाम तोच बांध धरला. "किती दिवस त्या जागेले घाबरायचं? मंजिरीच्या मनातलाही किंतू जाईल." त्या जागेचं नाव ऐकून पाचच जणी निघाल्या. गाडी श्यामकांतनंच करून दिली. तो स्वतः आला नाही. "मले ते पाणी पाहवत नाही," म्हणाला. बायांना किती कौतुक वाटलं.

गाडी सिलतऱ्याच्या कारखान्यांवरून गेली. चिमण्यांचा धूर सडकेवर उतरला होता. बांधापर्यंत पोचलं तरी त्या धुराची काजळी सुटत नाही. आवळीच्या पानांवर बोट फिरवलं की बोट काळं. तरी झाड आवळ्यांनी लगडलेलं. बायांनी गोवऱ्या पेटवल्या, रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. जेवणं झाली, गप्पा झाल्या, कौमुदीनं नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या सासवांच्या नकला केल्या. कौमुदी म्हणजे मंडळाचा रेडिओ. तिची सून सोनिया सोबत होती. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते.

गोदूनं मात्र एक पत्रावळ वेगळी वाढली. दोन रोडगे, भाजी, वर तूप. ती उचलून पायऱ्यांकडे निघाली.

"हे कोणासाठी व?" शर्मिष्ठेनं विचारलं.

"वनीसाठी. सवाष्ण गेली ते. भादव्यात अविधवा नवमीले तिच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायची असते. त्यानं घातली? नाही घातली. तो पोरी पाहून राहिला होता. वर्ष झालं, माझी वनी उपाशी आहे."

गोदूनं वरच्या पायरीवर, वनमाला बसायची तिथं, पत्रावळ ठेवली. मग पिशवीतून हिरवा खण काढला. त्यात तांदूळ, नारळ, हळकुंड, आणि भाजक्या सुपारीचं खांड. गाठ मारली.

"गोदूबाई!" शर्मिष्ठा धावत आली. "अव, तुम्ही विधवा बाई. तुम्ही ओटी भरता? अन् तेही पाण्यात? उलटं होते ते!"

"उलटं व्हायचं ते होऊन गेलं," गोदू म्हणाली. गुडघ्यावर हात ठेवत एक-एक पायरी उतरली, आणि ओटी पाण्यात सोडली. नारळामुळे ती बुडाली नाही. हेलकावे घेत घाटाच्या कोपऱ्यात, गवतात जाऊन थांबली.

"ये वने," गोदू हळूच म्हणाली. "जेव. अन् तुझ्या मनात जे असंल ते सांगून टाक माय. माझ्यानं आता होत नाही."

पाणी तसंच. वर काजळीची पातळ साय, तिच्यात मावळतीकडे झुकलेलं ऊन.

*

नावेत बसायची टूम सोनियाची. "मम्मीजी, एक राउंड! इतनी दूर आए हैं।" केवटाची मोटरवाली नाव घाटाला लागलेलीच होती. त्यानं सगळ्यांना नारिंगी जाकिटं दिली. मंजिरीही निघाली होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. बोलली, आणि हसत मागं सरली. "तुम्ही जा. ते म्हणून राहिले, पाण्यात जाऊ नको."

"पहा," शर्मिष्ठा गोदूकडे बघून म्हणाली. "किती जपते तिले."

गोदूला यायचं नव्हतं. पण घाटावर मंजिरीपाशी ती एकटी राहिली तर पुन्हा काही बोलेल, म्हणून शर्मिष्ठेनंच तिला हाताला धरून नावेत बसवलं. मंजिरी वरच्या पायरीवर बसली, पत्रावळीपासून थोडी दूर.

नाव निघाली. गार वारा आला, कौमुदीनं गाणं धरलं. घाट लहान होत गेला, मंजिरीची पिवळी साडी तेवढी दिसत राहिली. मग बांधाच्या मधोमध मोटर खोकली. घर्र केलं, पुन्हा घर्र केलं, आणि बंद पडली.

केवटानं दोरी ओढली. पुन्हा ओढली. मग मागं वाकून पाण्यात पाहिलं.

"पंखा म कुछु फंस गे हे, दाई."

"काढ मग, काय अडकलं ते," शर्मिष्ठा म्हणाली.

त्यानं बांबू पाण्यात घातला. अख्खा बांबू आत गेला, तळ लागला नाही. वल्हं एकच, तेही तुटकं. दुसरी नाव पलीकडच्या काठाला होती. त्यानं शिटी मारली, हाका मारल्या. उत्तर आलं नाही. फोन लावावा तर इथं पाण्याच्या मधात कोणाच्याच फोनला नेटवर्क नाही. मग त्यानं कमरेला दोरी बांधली, तोंडात विळा धरला, आणि नावेच्या मागून पाण्यात उतरला.

सूर्य गेला. तिकडं सिलतऱ्याच्या भट्ट्यांची लाली आभाळात चढली, इकडं पाणी काळं झालं. मोटरचा आवाज कानांतून गेला तसा दुसरा एक आवाज ऐकू यायला लागला. नावेच्या फळीला खालून पाणी लागत होतं... चुप्... चुप्... ओल्या बोटानं कोणी दार वाजवावं तसं.

"सगळ्या गप्प काहून बसल्या?" कौमुदी जरा जोरातच बोलली. तिला शांतता सोसत नाही. "भीतीनं मरून जाऊ इथं. चला, उखाणे घ्या. मंजिरीले शिकवायचेच आहेत. नाव घेतल्याबिगर नावेतून कोणी उतरायचं नाही! शर्मिष्ठाताई, तुम्ही पयले."

शर्मिष्ठेनं आढेवेढे घेतले, मग म्हणाली,

"सदर बाजारात घडवली सोन्याची ठुशी,
नरहररावांचं नाव घेते, मन ठेवून खुशी."

"वा! आता मी. ऐका,
रोडग्यावर वाढलं तूप, तूप गेलं वाहून,
विनायकराव घोरून राहिले, मी झोपू काहून?"

हसल्या सगळ्या. केवटही पाण्यातून हसला, दिसला नाही, नुसतं ऐकू आलं. सोनिया लाजली, "मुझे नहीं आता मम्मीजी," म्हणाली, आणि मग जुळवलंच.

"बंद हो गई नाव, अब कौन लगाए धक्का,
चिराग जी का नाम लेती हूँ, घर पहुँचना पक्का।"

त्या 'धक्का' शब्दावर हसू आलं आणि मधेच विरलं. का विरलं कोणालाच सांगता आलं नसतं.

"झालं?" कौमुदी म्हणाली. "आता कोण राहिलं?"

गोदूला कोणी विचारलं नाही. विधवेला उखाणा घ्यायला सांगत नाहीत. ती खाली मान घालून बसली होती, म्हणून वास आधी तिलाच आला. शेवाळाचा हिरवा, गार वास, आणि त्यात मिसळलेली भाजकी सुपारी.

"कोण राहिलं व?" कौमुदीनं पुन्हा विचारलं. सवयीनं.

नावेच्या पुढच्या टोकाला, जिथं उरलेली जाकिटं रचून ठेवली होती आणि कोणी बसलं नव्हतं, तिथून आवाज आला. हळू. भरल्या तोंडाचा.

"तळ्याच्या पायरीवर लावली सांजवात,
पाठीवर माझ्या ओळखीचा हात..."

आणि थांबला.

अगदी तसाच थांबला, पदर तोंडावर धरून थांबल्यासारखा.

वारा नव्हता. नाव मात्र पुढच्या बाजूला किंचित दबली होती, कोणी बसल्यावर दबते तशी. शर्मिष्ठेची बोटं गोदूच्या दंडात रुतली. सोनियाच्या हातातला मोबाइल पेटलेला होता, पण त्याचा उजेड पुढं करायची हिंमत तिला झाली नाही; तो तिच्या मांडीवरच पडून राहिला.

गोदूला समजलं. वनी वाट पाहून राहिली. रीत आहे ना, बाया 'नाव घे' म्हणतील तेव्हाच नाव घ्यायचं. एकदा म्हटलं की झालं. वर्षभर जिथं तिथं ओरडत फिरली ती गोदू, पोलीस चौकीत टेबलावर हात आपटणारी गोदू. तिनं तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली. शब्द... एवढासा शब्द... आला नाही.

पुढचं टोक हलकं झालं. नाव सपाट झाली.

मागं पाण्यात धडपड झाली आणि केवट वर आला. धापा टाकत त्यानं पंख्यातून सोडवलेलं काही तरी नावेत टाकलं आणि कोणाचं म्हणून विचारलं. "ये काकर हे, दाई? पंखा म लपेटाय रिहिस।"

हिरवा खण होता. घाटाच्या कोपऱ्यात गवतात अडकला होता तोच, गोदूनं सोडलेला. पंख्याला पीळ देऊन गुंडाळला गेलेला, पण गाठ तशीच. नारळ आत. कौमुदीनं गाठ सोडली, उगाच, हाताला काही तरी काम पाहिजे म्हणून.

आतले तांदूळ कोरडे खडखडीत होते. सुपारी तेवढी नव्हती.

"तुमच्यानं झालं हे!" शर्मिष्ठा फुटली. गोदूचा दंड सोडून आता तिनं त्याच हाताचं बोट रोखलं. "सांगत होती न मी? विधवा बाईनं ओटी भरली अन् बसवली न नाव मधात! जीव गेला असता सगळ्यांचा!"

दोष घ्यायची गोदूला सवय झाली होती. तिचं लक्ष घाटाकडे होतं. पायरीवर पिवळी साडी दिसत होती, पण अंधारात ती एकटी वाटत नव्हती.

*

नाव लागली. मंजिरी उठून उभी राहिली, चेहरा हसरा.

"किती उशीर! बरं झालं, त्या काकू होत्या सोबतीले."

"कोण काकू?" शर्मिष्ठेचा आवाज चिरकला.

"आत्ताच गेल्या न. इथंच बसल्या होत्या. तुमच्याच मंडळातल्या कोणी मागून आल्या असतील, मले वाटलं. अंधारात तोंड काही दिसलं नाही, पदर धरला होता तोंडावर. पार भिजल्या होत्या बिचाऱ्या, पाय घसरला असंल. मले उखाणा शिकवून गेल्या. इतका गोड आहे!"

मंजिरीच्या बाजूला पायरीवर ओलं होतं. सांडल्यासारखं नाही. ओल्या लुगड्यानं कोणी मांडी घालून बसलं तर उमटेल तेवढं, तसं. आणि त्या ओल्या जागेपुढं पत्रावळ. रिकामी.

"कुत्र्यानं खाल्लं असंल," कौमुदी घाईघाईनं म्हणाली.

"कुत्रा पत्रावळ दुमडून ठेवते काय व?" गोदू म्हणाली.

पत्रावळ मधोमध दुमडलेली होती, जेवण झाल्यावर भरल्या घरची बाई दुमडते तशी.

गोदूनं मंजिरीचा हात धरला. "पोरी, त्या उखाण्यात नाव सांगितलं तिनं?"

"नाही. म्हणाल्या, अर्धाच शिकवते. पुढचं ऐन वेळी आपोआप येईल." मंजिरी हसली. "आता नाही म्हणून दाखवणार. साक्षगंधात म्हणीन."

दुसऱ्या दिवशी गोदू तिघींकडे गेली. शर्मिष्ठा म्हणाली, पाण्यावर आवाज फिरतात, पलीकडच्या काठावरचं कोणी तरी असंल. कौमुदी म्हणाली, वांग्यानं गॅस झाला होता, मले काही आठवत नाही. सोनिया दारातच उभी राहिली. "काकीजी, मैंने कुछ नहीं सुना।" डोळे मात्र जमिनीवर. सुनेनं सासूच्या पुढं जाऊन काय ऐकायचं?

"आवाज ऐकला तरी खोट्या," गोदू जिना चढताना स्वतःशी बोलली. मग तिनं ठरवलं. आता सांगायचं नाही. एक वर्ष आपण सांगितलं. आता जिचं आहे तिनं सांगावं. मंजिरीच्या जिवाचं काय होईल, याच एका विचारानं तिला झोप येईनाशी झाली. आणि त्याच विचारानं ती साक्षगंधाला गेली.

*

साक्षगंध दुपारचं होतं, कॉलनीतल्याच हॉलमध्ये. झेंडूच्या माळा, पंख्यांचा घरघराट, पोरं पळून राहिलेली. गोदूला बोलावणं होतं. न बोलावलं तर लोक बोलतील म्हणून. ती मागच्या खुर्चीवर बसली. श्यामकांत स्वतः तिच्यापाशी आला, रेशमी कुर्त्यात, आणि वाकून पाया पडला.

"गोदूताई, जुनं सोडा आता. तुमचा आशीर्वाद पाहिजे."

मऊ आवाज. मऊ हात. गोदूनं त्या हातांकडे पाहिलं आणि आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

कुंकू झालं, अंगठ्या झाल्या. शर्मिष्ठेनं मंजिरीची ओटी भरली; घरून निवडून आणलेले तांदूळ, नारळ, खण. पोरी ओरडायला लागल्या. "उखाणा! उखाणा!" कौमुदीच्या हातात पेढ्यांचं ताट होतं. एरवी तिचाच आवाज पहिला असता. आज ती ताटातले पेढेच सारखे करत राहिली.

मंजिरी उभी राहिली. श्यामकांतकडे पाहून लाजली, आणि गोड आवाजात म्हणाली,

"तळ्याच्या पायरीवर लावली सांजवात,
पाठीवर माझ्या ओळखीचा हात..."

"वा वा!" कोणी तरी म्हणालं. नवऱ्या मुलाकडचे हसले. किती छान, पाठीवर हात म्हणे.

श्यामकांत हसला नाही. त्याच्या तोंडावरचा रंग कपड्यातून पाणी निथळावं तसा खाली उतरत गेला.

आणि मंजिरी थांबली. तिनं पदर उचलला, तोंडावर धरला. मान खाली. तिला ही लकब कोणी शिकवली नव्हती. कौमुदीनं हातातलं ताट खाली ठेवून दिलं. सोनिया नवऱ्याच्या मागं सरकली. शर्मिष्ठा तोंड उघडून उभी, पण 'नाव घे' म्हणेना. पोरींना वाटलं मोठ्या म्हणतील, मोठ्यांच्या तोंडून शब्द फुटेना. हॉलमध्ये नुसते पंखे.

गोदूला वास आला. शेवाळ, आणि सुपारी.

तिनं पाहिलं, मंजिरीच्या भरल्या ओटीतून पाणी गळत होतं. आत्ता भरलेल्या कोरड्या तांदळांतून. थेंब, थेंब, मग धार. हिरवट पाणी फरशीवरून सरळ नवऱ्या मुलाच्या पाटाकडे निघालं. तो उठायला गेला. उठता आलं नाही त्याला.

गोदू उठली. गुडघे कुरकुरले. विधवेनं पुढं येऊ नये, ओरडू नये, नाव मागू नये. सगळं तिला ठाऊक होतं. एकदा नावेत जीभ चिकटली होती. आता चिकटू दिली नाही.

"घे," ती म्हणाली. खणखणीत. सगळा हॉल वळला. "घे माय. भिऊ नको. नाव घे!"

मंजिरीनं तोंडावरचा पदर बाजूला केला. गालात काही तरी धरल्यासारखा तिचा एक गाल फुगलेला होता. आवाज तिचा नव्हता. भरल्या तोंडाचा होता, ओला होता, आणि आज तो लाजत नव्हता. मागं 'राव' सुद्धा लावलं नाही त्यानं.

"शेवाळाला बोल नको, पाणी होतं शांत,
नाव घेते, ऐका सगळे... श्यामकांत."